परेशने छापलेली पाच कारणं

डिसेंबरातल्या एका रविवारी, पुरवणीत, परेश नावाच्या वार्ताहराने आमच्या विनोदिनीवर अर्धं पान खर्ची घातलं. दहा वर्षांपूर्वी एक सिनेमा गाजला आणि मग ही मुलगी गेली कुठे, असा त्याला प्रश्न पडला होता. उत्तरादाखल त्याने पाच कारणं छापली, तीही आकडे घालून. एक, यश डोक्यात गेलं. दोन, सिनेमाच्या धंद्यात कोणी पाठीराखा नव्हता. तीन, एका कॅमेरामनबरोबरचं प्रकरण. चार, वाढलेलं वजन. पाच, मराठी उच्चारांवरचं कोंकणी वळण. हा माणूस माझ्या पडवीत बसून पातळभाजीबरोबर तीन उंडे पाव खाऊन गेला होता. विनोदिनीच्या घरी मात्र गेलाच नाही. ‘बाईंना वाईट वाटेल’ म्हणाला. काय नाजूक मन! वाईट वाटू नये म्हणून विचारायचं नाही, आणि न विचारता सगळ्या गोव्यासमोर प्रकरण चिकटवून द्यायचं.

बरं, त्याच्या पाचांतलं एकही कारण त्याच्या डोक्यातून आलेलं नव्हतं. डोक्यावर तो असा अत्याचार करणाऱ्यातला नव्हेच. सगळी कारणं माझ्या गावाने त्याला पुरवली. पहिलं आणि तिसरं गुरुदासने दिलं, चौथं गुरुदासच्या बायकोने, उरलेली दोन देवळाच्या पायरीवर बसणाऱ्यांनी. मी एकही दिलं नाही. मी त्याला अजून एक उंडा हवा का एवढंच विचारलं. खरं कारण मला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असलेला जगात मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती.

मी सगुण. चोपड्याच्या फेरीबोटीवरून उतरलं की अर्ध्या तासाच्या चालीवर आमचा गाव. पेडण्याला मामलेदार कचेरीत कारकुनी केली आणि तीस वर्षं देवीच्या काल्याच्या नाटकात प्रॉम्टिंग केलं. काला म्हणजे आमच्या देवीचा पौषातला उत्सव. त्यात गावच्या पुरुषांनी मराठी नाटक करायचं आणि नटी बाहेरून पैसे देऊन आणायची, ही रीत. गावची मुलगी स्टेजवर उभी राहत नसे. गावच्या पुरुषांना मात्र अभिनय येवो न येवो, उभं राहण्याचा हक्क होता.

सर्वांत मोठा हक्क गुरुदासचा. सुर्ल्याच्या खाणीवर त्याचे सहा ट्रक चालत, त्यामुळे नाटकातला नायक तो. राजा असो, क्रांतिकारक असो की कॉलेजातला तरुण असो, सगळे एकाच आवाजात बोलत. वाक्य त्याला पाठ नसे. माझ्याकडे कान लावून तो उभा राही आणि मी सांगितलेलं अर्धं ऐकून उरलेलं मनाने जोडी. मराठी राजभाषा झालीच पाहिजे म्हणून त्या दिवसांत तो चौकाचौकात भाषणं ठोकत असे, आणि ती भाषणंही कोंकणीतून. समोरच्या, कोंकणीच्या बाजूचे पुढारी तितकेच थोर होते, पण ते नाटकात काम करत नसत एवढी त्यांची मेहरबानी.

विनोदिनी ही रघुनाथाची मुलगी. रघुनाथाचं देवळासमोर छोटं दुकान, तेल, साखर, काडेपेटी. ही पोर लहानपणापासून तालमीला येऊन माझ्या विंगेत बसायची, माझ्या गुडघ्याला टेकून, आणि मी कुजबुजलेलं वाक्य ओठातल्या ओठात म्हणायची. पंच्याऐंशी साली काल्याच्या दिवशीच बाहेरची नटी तापाने आडवी झाली. सगळं नाटक पाठ असलेली बाई गावात एकच होती, आणि ती अठरा वर्षांची होती. मीच रघुनाथाचे पाय धरले. ती उभी राहिली आणि पहिल्याच प्रवेशात गुरुदास लाकडी खांबासारखा दिसू लागला. तेच नाटक पुढे पणजीच्या स्पर्धेत गेलं, तिथे कोल्हापूरचा एक दिग्दर्शक बसला होता, आणि पुढच्या वर्षी विनोदिनी सिनेमात नायिकेची धाकटी बहीण झाली.

आता गाऱ्हाण्याकडे येतो, कारण सगळं तिथेच घडलं.

सत्याऐंशीच्या काल्याच्या सकाळी सिनेमा तयार होता, पण लागायचा होता. रघुनाथाने देवीपुढे नारळविडा ठेवला. आमच्याकडे माणूस देवीला स्वतः काही सांगत नाही. त्याच्या वतीने मानकरी गाऱ्हाणं घालतो, आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की ते पक्कं. मग त्यातून सुटका नाही. मानकरी होते गोकुळदास, वय शहात्तर, माणूस सरळ, आवाज खणखणीत, पण स्मरण सुटत चाललेलं. रघुनाथाने त्यांना आधी कानात सांगितलं होतं की सिनेमा चालला तर मुलगी पुढच्या काल्याला एकदा नाटकात उभी राहील. एकदा.

“गे माये,” गोकुळदासांनी सुरू केलं, “आज तुज्या पायांकडे रघुनाथान नाल्ल-विडो दवरला. ताज्या धुवेचो सिनेमा चलूं दी. चललो तर ती तुज्या काल्याक...”

आणि थांबले. पुढचं सुचेना. देवळाचा चौक भरलेला, सगळ्यांचे हात जोडलेले, आणि म्हातारा तोंड उघडं टाकून उभा. मी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर होतो. समोरचा माणूस वाक्यात अडला की माझ्या तोंडातून शब्द जातो. विचार करायला वेळ असता तर मी प्रॉम्टर झालो नसतो. आमच्या नेहमीच्या गाऱ्हाण्यात ‘तुज्या काल्याक’ याच्यापुढे आजवर एकच शब्द येत आलाय, ‘दरवर्सा’. दरवर्सा सेवा करून घेतंस, तशीच करून घे. तो माझ्या जिभेवर होता. मी हळूच सोडला.

“...दरवर्सा रंग लावन उबी रवतली!” गोकुळदास गरजले.

“व्हय म्हाराजा!” चौक गरजला.

रघुनाथाचा चेहरा पडलेला मी पाहिला. विनोदिनी बापाच्या शेजारी हात जोडून उभी होती. तिने मान वर केली आणि परत खाली घातली.

मे महिन्यात गोवा राज्य झालं आणि त्याच आठवड्यात म्हापशात सिनेमा लागला. गावाने दोन्हींचे फटाके एकाच वेळी उडवले. कशासाठी किती उडाले हे कोणी विचारलं नाही. सिनेमा चालला, आणि तोही नायिकेमुळे नाही, धाकट्या बहिणीमुळे. शेवटून दुसऱ्या प्रसंगात ही मुलगी काही न बोलता भावाचं ताट वाढते, त्या एका प्रसंगावर बायका रडत बाहेर पडायच्या. मी पाच वेळा पाहिला. तिला कोणी वाक्य सांगत नव्हतं, आणि मला अभिमान वाटण्याऐवजी हेवा वाटला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

लगेच दुसरा सिनेमा चालून आला. यात नायिका तीच. शूटिंग थंडीत, मार्गशीर्षापासून पौष संपेपर्यंत, कोल्हापूरजवळ. इकडे काल्याच्या तालमी कार्तिकात नारळ फोडून सुरू होतात आणि दीड महिना रोज संध्याकाळी चालतात. गुरुदासने तिला निरोप पाठवला, तालमीला हजर राहा, देवीचा शब्द आहे. नाटकाच्या जाहिरातीवर तिचा सिनेमातला फोटो आणि शेजारी स्वतःचा, असं छापून तो मोकळाही झाला होता. त्या पोस्टरवर तो तिचा बाप दिसत होता आणि नाटकात तो तिचा प्रियकर होता.

विनोदिनी कोणाचं न ऐकता गेली. चार दिवस तिने काम केलं. पाचव्या दिवशी सुर्ल्याच्या रस्त्यावर गुरुदासचा एक ट्रक मालासकट उलटला. ट्रकवर क्लीनर होता तिचा भाऊ प्रशांत. त्याच्या पायाच्या हाडाचे दोन तुकडे झाले. ड्रायव्हर सकाळपासून फेणी ढोसून होता, हे हॉस्पिटलात त्याच्या तोंडाचा वास घेणाऱ्या प्रत्येकाला कळलं. पण गावात येईपर्यंत वास उडाला आणि देवीचा कोप तेवढा राहिला. रघुनाथ त्याच दिवशी कोल्हापूरला गेला आणि मुलीला परत घेऊन आला. सिनेमात तिच्या जागी दुसरी मुलगी आली.

मग देवळात बैठक बसली, दिवसाढवळ्या, रविवारी. रघुनाथ हात जोडून म्हणाला की मी एकदाच म्हटलं होतं, गाऱ्हाण्यात चूक झाली, ती सुधारून घ्या. आमच्याकडे तशी सोय आहे. बोलण्यात चूक झाली असं मानकऱ्याने कबूल केलं की परत नारळ ठेवून गाऱ्हाणं घालता येतं. सगळे गोकुळदासांकडे पाहू लागले.

“रघुनाथ सांगता तें खरें,” म्हातारा म्हणाला. “ताणें एकदांच म्हणलेलें. माका यादच येयना जाली. आनी मागीर तो शबूद आपसूक आयलो. माजो न्हय तो. खंयसून आयलो माका खबर ना.”

“देवीन वदयलो!” गुरुदास उठूनच उभा राहिला. “आयकलां मू? देवीन स्वता मागून घेतलें!”

चौकात कुजबुज झाली, एकदोघांनी तर हात जोडले. गावात चमत्कार झाला होता आणि तो मी केला होता. विनोदिनीने त्या वेळी माझ्याकडे पाहिलं. तिने गोकुळदासांकडे पाहिलं नाही, बापाकडे नाही, गुरुदासकडे नाही. माझ्या हातात त्या वर्षीच्या नाटकाची वही होती आणि मी तिच्या पानांचे मुडपलेले कोपरे सरळ करत बसलो. भर सभेत उठून ‘देवी नव्हे, मी’ म्हणायचं म्हणजे म्हाताऱ्याची शोभा, गुरुदासचा राग आणि माझी विंग गेली. ही कारणं मी स्वतःला दिली. खरं आणखी एक होतं. ती राहिली तर दर वर्षी दीड महिना ती माझ्यासमोर उभी राहणार होती.

त्यानंतर फार काही घडलं नाही, आणि घडलं नाही हीच सगळी गोष्ट आहे. दुसऱ्या वर्षी एका निर्मात्याने विचारलं, तारखा थंडीतल्या. तिसऱ्या वर्षी एकाने विचारलं, त्याही थंडीतल्या. ‘गावच्या नाटकाची तालीम आहे’ असं नटीने सांगितल्यावर कोल्हापुरात काय हसले असतील! हसून झाल्यावर त्यांनी ठरवलं की बाईला शिंगं फुटली आहेत. परेशचं पहिलं कारण ते हेच. मग पावसाळ्यात दोन दिवसांची कामं आली, शेजारीण, नर्स, मयताला आलेली बाई. मग तीही आली नाहीत. विनोदिनी दुकानात बसू लागली. प्रशांत लंगडत सामान काढून द्यायचा, ती तोलून द्यायची. दर पौषात ती गुरुदासची प्रेयसी, राणी किंवा लग्न ठरलेली मुलगी व्हायची. तिला प्रॉम्टिंग कधीच लागलं नाही. तरी मी तिची प्रत्येक ओळ कुजबुजायचो आणि मला वाटायचं, तिला आधार होतो आहे. माणूस स्वतःला काय काय वाटून घेतो, हे पाहायला मला विंगेबाहेर जावं लागलं नाही.

गोकुळदास शहाण्णव साली वारले. त्यांची मुलं गावात नाहीत, म्हणून त्यांच्याच कुळातला आणि पाठांतराचा पक्का म्हणून गाऱ्हाणं घालायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या वर्षी मी ते एक शब्द न चुकता घातलं. लोकांनी वाहवा केली.

तर परेशचं अर्धं पान छापून आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, विनोदिनी माझ्या पडवीत आली. हातात पुरवणी होती आणि एक पाकीट.

“सगुणकाका, पांच कारणां बरयल्यांत,” ती म्हणाली. “सवें तुमी ताका सांगूंक ना?”

“कसलें सवें?” मी विचारलं, जणू सहावं कारण मला ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं नटांना वाक्यं सांगणाऱ्या माणसाने इतकं भिकार वाक्य बोलावं!

“गोकुळदासकाकांच्या फाटल्यान तुमी उबे आशिल्ले. तुमच्या दिम्याक तेंकून हांव वाक्यां शिकल्यां. तुमचो आवाज माका कळचो ना?”

म्हणजे दहा वर्षं तिला माहीत होतं.

“मागीर तुवें कित्याक सांगलें ना?”

“हांवें सांगलें आसतें तर म्हणले आसते, पोरीक सिनेमा जाय, म्हणून फट मारता. तें तुमी सांगपाचें. हांव वाट पळयत रावलें.” तिने पाकीट माझ्यापुढे ठेवलं. मुंबईच्या एका मालिकेत वहिनीचं काम होतं. लहान, पण वर्षभर चालणारं. जानेवारीच्या पंधराला हजर व्हायचं होतं, आणि काला होता वीस तारखेला. “प्रशांताचो पाय मोडल्या दिसासून बाबा देवीक भियेता. हांव अशीच गेल्यार तो उरचो ना. ह्या वर्सा गाऱ्हाणें तुमी घालतले. फुडल्या सोमारा तालमीचो दुसरो नाल्ल दवरतात. तेन्ना सांगात.”

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं, आणि आठ दिवस नीट झोपलो नाही.

सोमवारी सकाळी चौकात पन्नास-साठ माणसं होती. रघुनाथ काठी टेकून पुढे उभा, शेजारी प्रशांत, मागे विनोदिनी, हातात ते पाकीट. मी नारळ ठेवला, ‘गे माये’ म्हटलं आणि मग देवीकडे पाठ करून माणसांकडे वळलो. सांगून टाकलं. त्या वर्षी गोकुळदास अडले होते, ‘दरवर्सा’ हा शब्द मी मागून सांगितला, सवयीने सांगितला, चूक माझी, देवीचा त्यात काही संबंध नाही, ही पोर बांधलेली नाही.

रघुनाथाचे डोळे पाण्याने भरले. आणि मग गुरुदास, आता पंचावन्न वर्षांचा, तीन हनुवट्यांचा, केस काळे कुळकुळीत रंगवलेला, दोन्ही हात वर करून पुढे आला.

“पळयलां मू?” तो म्हणाला. “देवीन एकट्याच्या न्हय, दोगांच्या तोंडांतल्यान वदयलें! आदीं सगुणाच्या, मागीर गोकुळदासाच्या!”

“अरे, पण हांवूच सांगतां, तो माजो...”

“तुका कितें खबर? तूं निमित्त मात्र!”

“व्हय म्हाराजा!” कोणीतरी मागून ओरडलं, आणि मग सगळेच ओरडले. या गावाला खोटं पचतं हे मला माहीत होतं. खरंही इतक्या सहज पचतं, हे मला त्या दिवशी कळलं. रघुनाथाने डोळे पुसले, दोन पावलं पुढे येऊन देवीपुढे डोकं टेकवलं आणि पुटपुटला, “चुकलें, माये.” मुलीला सोडवायला आलेला बाप माफी मागून परत फिरला.

विनोदिनी देवळाच्या पायरीवर बसून चपला घालत होती. मी तिच्याजवळ गेलो. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हलकं वाटत होतं.

“पळयलें गो?” मी म्हणालो. “हांवें तेन्ना सांगलें आसतें तरी हेंच जातलें आशिल्लें.”

तिने चपलेचा पट्टा लावला, मग मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मला पाहून ती थकल्यासारखी दिसली.

“ना, काका,” ती म्हणाली. “तेन्ना गोकुळदासकाका जिते आशिल्ले. तांणी मानलें आसतें. आनी तांणी एकदां चूक म्हणली काय गुरुदासाचें कोणें आयकूंक नासलें.”

ती दुकानाकडे गेली. पाकीट तिच्या हातातच होतं.

तिला एक गोष्ट ठाऊक नाही आणि मी ती तिला सांगणार नाही. त्या बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी गोकुळदास काठी टेकत माझ्या घरी आले होते. चहाही घेतला नाही. उंबऱ्यावरच उभे राहिले आणि म्हणाले, “सगुणा, तूं माज्या फाटीर आशिल्लो. खरें सांग. तो शबूद माका कोणें सांगलो काय कितें? कोणें सांगलो आसत जाल्यार हांव फाल्यांच परत नाल्ल दवरतां, चुकलें म्हणटां. पोरीचें वायट जाता रे.”

म्हातारा माझ्या तोंडाकडे पाहत थांबला होता. त्याला एकच वाक्य हवं होतं, आणि वाक्य पुरवणं हे माझं काम होतं.

“ना, काका,” मी त्यांना सांगितलं. “कोणेंच सांगूंक ना. देवीनच वदयलो.”